डोळ्यासाठीच्या जेलमधून औषध 'आठ तास' सुटतं, म्हणजे नक्की काय होतं?

कोल्हापुरातल्या एका एम. फार्म. विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे ०.५ टक्के ताकदीचे, डोळ्यात थेंब पडल्यावर जेल होणारे तीन नमुने केले, प्रत्येकात जेल करणारा पॉलिमर वेगळा: जेलन गम ०.५ टक्के, पोलोक्सामर ४०७ १८ टक्के आणि सोडियम अल्जिनेट १ टक्का. प्रत्येकाचा १ मिलिलिटर डायलिसिसच्या पिशवीत भरून, ५० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४), ३७ अंशांवर रिलीज घेतला, म्हणजे किती वेळात किती औषध बाहेर येतं ते मोजलं. जेलनने ८ तासांत ९२ टक्के औषध सोडलं. पोलोक्सामरने २ तासांतच ९८ टक्के. अल्जिनेटचं जेल पिशवीत पातळ झालं आणि आकडा गेला ११२ टक्क्यांवर. 'जेलन सर्वांत चांगलं, ८ तास टिकतं असं लिहू का? आणि ११२ टक्क्यांचं काय करू?' असं तिने विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर: 'जेलन ८ तास टिकतं' असं लिहू नका. त्या ८ तासांत जेलचा वाटा किती, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. पिशवीच्या पडद्याचा आणि पिशवीतल्या थराच्या जाडीचा वाटाही त्यात मिसळलेला आहे. ११२ टक्क्यांमागे मात्र शोधता येतील अशा तीन-चार साध्या चुका आहेत, आणि त्यांतली एक बाकीच्या दोन आकड्यांतही शिरलेली असण्याची शक्यता आहे.

जाडीचं गणित एकदा हाताने करून पाहा. ०.५ टक्के जेलन म्हणजे ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच. त्यातल्या धाग्यांमधली मोकळी जागा काही दशक नॅनोमीटरची असते आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा रेणू जेमतेम एका नॅनोमीटरचा. कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीतून मुंगी जावी तसा तो त्यातून जातो. त्यामुळे त्याचा विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो त्याचं माप) जेलमध्येही पाण्यातल्यासारखाच, साधारण ५ गुणिले १० चा उणे ६ वा घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरायला हरकत नाही. एका बाजूने उघड्या थरातून ६० टक्के औषध सुटायला लागणारा वेळ म्हणजे ०.२८ गुणिले जाडीचा वर्ग, भागिले हा गुणांक. पिशवीतला थर ५ मिलिमीटर जाड धरा. तो दोन्ही बाजूंनी उघडा असतो, म्हणून निम्मी जाडी, २.५ मिलिमीटर घ्या. उत्तर येतं सुमारे ३५०० सेकंद, म्हणजे जवळपास तास. आता डोळ्यात या. ४० मायक्रोलिटरचा थेंब २ चौरस सेंटिमीटरवर पसरला तर थर ०.२ मिलिमीटरचा. तेच सूत्र लावलं की उत्तर येतं २२ सेकंद.

हे बावीस सेकंद नीट पाहा. जेलच्या जाळीने औषध अडवून धरायचं म्हटलं तर डोळ्यात त्याची मुदत एवढीच आहे. तरीही जेलचा उपयोग होतो, कारण जेल डोळ्यात टिकून राहतं आणि अश्रूंबरोबर पटकन वाहून जात नाही. डोळ्यात अश्रू असतात साधारण ७ मायक्रोलिटर. पापणीची खोळ फार तर ३० मायक्रोलिटर धरते आणि दर मिनिटाला सुमारे १ मायक्रोलिटर नवे अश्रू येतात. साध्या थेंबातलं जास्तीचं पाणी मिनिटा-दोन मिनिटांत नाकाकडच्या नळीने किंवा गालावरून निघून जातं. म्हणून साध्या थेंबातलं ५ टक्क्यांहूनही कमी औषध डोळ्याच्या आत पोचतं. तुमच्या जेलची खरी कसोटी ही: ते किती वेळ जागेवर राहतं, किती वेगाने झिजतं, आणि झिजताना किती औषध बरोबर नेतं. पिशवीचा प्रयोग यांतलं काहीच मोजत नाही.

मग पिशवीतल्या ८ तासांचा उरलेला वेळ कुठून आला? बहुधा पडद्यातून आणि पडद्याला चिकटून असलेल्या स्थिर पाण्यातून. खात्री करायची असेल तर एक प्रयोग आधी करा: त्याच ताकदीचं साधं पाणीदार द्रावण, जेल नसलेलं, त्याच पिशवीत, तेवढंच भरून. ते ५० टक्के बाहेर यायला दीड तास लागला आणि जेलनला दोन तास, तर जेलनचं श्रेय अर्ध्या तासाचं. हा प्रयोग नसलेला रिलीजचा आलेख व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कोणी धरला तर त्यावर बोलायला काही उरत नाही. कित्येक प्रबंधांत हाच एक आलेख गाळलेला असतो, आणि मला ती मोठी चूक वाटते.

आता ११२ टक्के.

पहिला संशय मीठरूपाचा. बाजारातल्या ०.५ टक्के मॉक्सिफ्लॉक्सॅसिन थेंबांत दर मिलिलिटरला ५.४५ मिलिग्रॅम मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हायड्रोक्लोराइड असतं, ते ५ मिलिग्रॅम मूळ मॉक्सिफ्लॉक्सॅसिनइतकं. तुम्ही ५.४५ मिलिग्रॅम मीठरूप तोललं, कॅलिब्रेशनही (यंत्राच्या वाचनावरून तीव्रता काढायची रेषा) मीठरूपानेच केलं आणि शेवटी टक्केवारी काढताना ५ ने भागलं, तर सगळं औषध सुटल्यावर आकडा येणार १०९. असं झालं असेल तर तुमचे ९२ टक्के प्रत्यक्षात ८४ आहेत आणि पोलोक्सामरचे ९८ आहेत ९०. भागाकार ५.४५ ने करा, किंवा दोन्हीकडे मूळ औषधाचं वजन धरा. एकच काहीतरी धरा आणि ते पद्धतीच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा.

उरलेले तीनेक टक्के बाष्पीभवनाचे असू शकतात. उघडा बीकर ३७ अंशांवर ८ तास ढवळत ठेवला की दीड-दोन मिलिलिटर पाणी सहज उडतं. ५० मधले दीड गेले की तीव्रता ३ टक्क्यांनी वाढते. तोंड पॅराफिल्मने बंद करा, सुरुवातीला आणि शेवटी बीकर तोलून घ्या.

तिसरी जागा म्हणजे एक्सेल. दर वेळी १ मिलिलिटर नमुना काढून तेवढंच ताजं द्रव घातलं, तर एकूण सुटलेलं औषध म्हणजे आताची तीव्रता गुणिले ५०, अधिक आधीच्या सगळ्या नमुन्यांच्या तीव्रतांची बेरीज गुणिले १. पहिल्या तासाला ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसऱ्या तासाला ४५. दुसऱ्या तासाचा हिशोब: ४५ गुणिले ५० अधिक ३० गुणिले १, म्हणजे २२८० मायक्रोग्रॅम. ५.४५ मिलिग्रॅममधले ४१.८ टक्के. चूक होते ती अशी: पहिल्या तासाचा आधीच दुरुस्त केलेला एकूण आकडा दुसऱ्या तासाच्या दुरुस्तीत पुन्हा जातो. मग शेवटच्या ओळींमध्ये आकडा फुगत जातो आणि आलेख १०० ओलांडूनही वर चढत राहतो. आलेख वर जाऊन सपाट न होता तिरकाच राहिला, तर आधी सूत्राचा रकाना उघडून पाहा.

चौथी गोष्ट यूव्हीची, म्हणजे औषध मोजणाऱ्या अतिनील प्रकाशाच्या यंत्राची. २८८ नॅनोमीटरच्या आसपास वाचन घेताना पाण्यात सुटलेला अल्जिनेट किंवा पोलोक्सामर थोडा गढूळपणा देतो, आणि यंत्र त्यालाही औषधच समजतं. औषध नसलेलं तेच जेल शेजारच्या बीकरमध्ये चालवा आणि प्रत्येक वेळेचा त्याचा नमुना ब्लँक, म्हणजे यंत्राचं शून्य, म्हणून वापरा. साधा बफर ब्लँक म्हणून चालत नाही. डायलिसिसच्या पिशवीवरही मूळचं ग्लिसरीन आणि गंधकाचे अंश असतात. नीट धुतली नाही तर पहिल्या तासाचं वाचन उगाच वर जातं. २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि थोड्या ईडीटीएच्या पाण्यात उकळून, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीनदा उकळून घ्या. शेवटचं धुणं मन लावून करा, कारण उरलेला ईडीटीए कॅल्शियम पकडतो आणि तुमचं जेल बिघडवतो. बारा ते चौदा हजार डाल्टनपर्यंतच्या वजनाचे रेणू जाऊ देणारी पिशवी या औषधाला पुरेशी आहे.

अल्जिनेट पातळ का झालं, याचं उत्तर बफरमध्ये आहे. अल्जिनेट कॅल्शियमच्या आधारावर जेल होतं. फॉस्फेट कॅल्शियमशी जोडलं जाऊन ते काढून घेतं, मग जाळीचे खांब निघाल्यासारखं जेल कोसळतं. डोळ्यात असं फॉस्फेट नसतं. जेलनचंही थोडंफार तसंच: सोडियममुळे ते धरून राहतं, पण कॅल्शियमने येणारा घट्टपणा जातो. म्हणून ज्या जेलचा जीव आयनांवर आहे त्यांना फॉस्फेट बफर वापरूच नका. कृत्रिम अश्रू द्रव वापरा: सोडियम क्लोराइड ०.६७० ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२०० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.००८ ग्रॅम, शुद्ध पाणी १०० ग्रॅमपर्यंत. कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून शेवटी, ढवळत घाला. हे द्रव रोज ताजं करा आणि झाकून ठेवा. बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड उडत राहतो, त्यामुळे गरम उघड्या बीकरमध्ये संध्याकाळपर्यंत पीएच ८ च्या पुढे जातो. पीएच बदलला की मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचं यूव्ही वाचनही सरकतं. कॅलिब्रेशन याच द्रवात करा, पाण्यात नको. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या गटातलं औषध (फ्लोरोक्विनोलोन) कॅल्शियमशी बांधलं जातं, म्हणून पाण्यातली रेषा आणि अश्रू द्रवातली रेषा एकच असेलच असं नाही.

उलट चूकही होते. रिलीज डिस्टिल्ड पाण्यात घेतला की आलेख सुरेख मंद येतो. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या अमाइनवर धन भार, जेलन आणि अल्जिनेटवर ऋण. मीठ नसलेल्या पाण्यात ते एकमेकांना धरून बसतात. अश्रूंतलं सोडियम आलं की ती पकड सुटते. पाण्यातला तो मंद आलेख डोळ्यासाठी निरुपयोगी आहे.

जेलन करताना हात कुठे चुकतो तेही सांगतो, कारण नमुनाच ढेकळांचा असेल तर पुढचं सगळं वाया. १०० ग्रॅमसाठी लो-ॲसिल जेलन ०.५ ग्रॅम घ्या आणि ते मॅनिटॉलमध्ये कोरडंच मिसळा. कोरड्या मॅनिटॉलमुळे कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि गुठळ्या होत नाहीत. ८० ग्रॅम डीआयोनाइज्ड पाणी ढवळत भोवरा करा, त्याच्या काठावर मिश्रण चिमटीने भुरभुरा. नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातल्या कॅल्शियममुळे जेलन फुगायच्या आधीच आवळतं आणि तळाला काचेसारखे ठिपके राहतात. आता ८५ ते ९० अंशांवर १५ ते २० मिनिटं, द्रव पूर्ण नितळ होईपर्यंत ठेवा. उजेडाकडे धरून पाहिल्यावर माशाच्या खवल्यासारखं काही चकाकलं तर अजून वेळ द्या. ४० अंशांखाली आल्यावर वेगळ्या पाण्यात ट्रोमेथामिनबरोबर (पीएच सांभाळणारा पदार्थ) विरघळवलेलं औषध हळूहळू घाला, पीएच पाहा आणि शेवटी वजनाने १०० ग्रॅम करा. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये बुडबुडे राहतात, म्हणून वजन बरं.

समदाब, म्हणजे अश्रूंइतकाच परासरणदाब, आणण्यासाठी मीठ घालायची सवय इथे सोडा. ०.९ टक्के सोडियम क्लोराइड घातलं तर बाटलीतच जेल होईल. मॅनिटॉल ४.५ टक्क्यांच्या आसपास धरा आणि ऑस्मोमीटरवर २९० मिलिऑस्मोलजवळ आणा. ५ टक्के एकट्या मॅनिटॉलनेच ते गाठलं जातं, पण औषधाच्या मिठाचाही २५ मिलिऑस्मोलच्या आसपास वाटा आहे, तो विसरू नका. काचबिंदूवरच्या टिमोलॉलचं टिमॉप्टिक-एक्सई हे जेलनवर चालणारं बाजारातलं औषध. त्यातही मॅनिटॉल आणि ट्रोमेथामिनच आहेत, मीठ नाही. सवयीने ०.१ टक्का ईडीटीए घालणारेही बरेच. जेलन-अल्जिनेटच्या नमुन्यात तो डोळ्यातल्या कॅल्शियमवर आधीच हक्क सांगतो.

जेल होतं की नाही हे पाहताना प्रमाण सांभाळा. एक थेंब २ मिलिलिटर अश्रू द्रवात टाकायचा आणि 'उत्तम जेल' म्हणून तीन अधिक चिन्हं द्यायची, ही पद्धत डोळ्याच्या उलटी आहे. डोळ्यात ४० मायक्रोलिटर औषधाला ७ मायक्रोलिटर अश्रू मिळतात. २ मिलिलिटर नमुन्यात ०.३५ मिलिलिटर अश्रू द्रव घाला, ३४ अंशांवर ठेवा, मग उलटं करून पाहा. डोळ्याच्या पृष्ठभागाचं तापमान ३४ च्या आसपास असतं, ३७ नव्हे. या प्रमाणात सोडियम साधारण २० मिलिमोलर होतं आणि कॅल्शियम ०.०८. यावरूनच कळतं की डोळ्यात जेलन मुख्यतः सोडियमवर धरतं. तुमचा ०.५ टक्क्याचा नमुना इथे नुसता दाट राहिला आणि धरला नाही, तर ०.६ करून बघा.

पोलोक्सामरला हेच प्रमाण जास्त कडक पडतं. १८ टक्के नमुना ४०:७ पातळ झाला की उरतो १५.३ टक्के, आणि तो ३४ अंशांवर धरेलच असं नाही. म्हणून बरेच जण २० किंवा २२ टक्के करतात. पण तसलं द्रावण पातळ व्हायच्या आधीच वीस-पंचवीस अंशांना घट्ट होतं. जानेवारीच्या रात्री कोल्हापुरात ते बाटलीत पाण्यासारखं वाहील, आणि एप्रिलच्या दुपारी, खोलीत चौतीस-पस्तीस अंश असताना, बाटली दाबली तरी थेंब पडणार नाही. राधानगरीच्या पलीकडे फ्रिज नसलेल्या घरात हे औषध कोण कसं वापरणार, हा प्रश्न प्रयोगशाळेतच विचारायला हवा. थोडा पोलोक्सामर १८८ मिसळला की जेल होण्याचं तापमान वर सरकतं. लक्ष्य असं धरा: बाटलीत ३० अंशांवरही वाहतं राहावं, आणि पातळ केल्यावर ३४ ला धरावं. दोन्ही तापमानं मोजून एकाच तक्त्यात शेजारी शेजारी द्या. मोजताना २ मिलिलिटर चाचणी नळीत घ्या, पाण्याचं तापमान दोन-तीन मिनिटांना एक अंश वाढवा आणि नळी आडवी केल्यावर वरची कड हलेनाशी होते तो अंश टिपा. पटापट वाढवलं तर आकडा दोन-तीन अंशांनी वर येतो.

पोलोक्सामर बर्फात, चार अंशांच्या आसपासच्या पाण्यात भुरभुरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी वर गंगावेशीतल्या धारोष्ण दुधावर असतो तसा फेस दिसतो. तो आपोआप बसू द्या. ढवळून घालवायला गेलात तर आणखी वाढतो, आणि बुडबुड्यांसकट मोजलेल्या १ मिलिलिटरमध्ये औषध कमी भरतं.

पोलोक्सामर २ तासांत संपला म्हणून तो वाईट असं नाही. तो पाण्यात विरघळत जातो, त्याला रासायनिक गाठी नाहीत. त्याचा रिलीज मोजायला पडद्याशिवायची पद्धत घ्या. सपाट तळाच्या कुपीत १ ग्रॅम नमुना घ्या, ३४ अंशांवर जेल होऊ द्या, तोला. वरून २ मिलिलिटर गरम अश्रू द्रव अलगद सोडा, पिपेटची धार जेलवर नको, काचेवर. १५ मिनिटांनी वरचं सगळं द्रव काढा, कुपी टिपकागदाने पुसून तोला, पुन्हा ताजं द्रव घाला. काढलेल्या द्रवातलं औषध मोजा. मग आडव्या अक्षावर झिजलेल्या जेलचे टक्के आणि उभ्यावर सुटलेल्या औषधाचे टक्के. ठिपके ४५ अंशांच्या रेषेवर पडले तर औषध जेलबरोबर झिजूनच येतंय. रेषेच्या वर गेले तर औषध जेल सोडून आधीच पळतंय. जेलनमध्ये दुसरं दिसेल: जेल जागेवर आणि औषध निघून गेलेलं. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका आलेख हाच.

पडद्याची पद्धत ठेवायचीच असेल तर फ्रान्झ सेलमध्ये (वर नमुना, मध्ये पडदा, खाली द्रव असं काचेचं भांडं) पातळ थर घ्या. १५ मिलिमीटर व्यासाच्या सेलचं क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.२ मिलिलिटर नमुना म्हणजे थर १.१ मिलिमीटर. डोळ्यापेक्षा तो अजून पाचपट जाड आहे, पण पिशवीपेक्षा खूप बरा, आणि जाडी तरी माहीत आहे. पडद्याखाली एकही बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा म्हणजे तेवढं क्षेत्रफळ बंद, आणि तीन सेलमध्ये तीन वेगळे आकडे येण्याचं हे नेहमीचं कारण. जाडीचा परिणाम दाखवायचा तर ०.२ आणि ०.४ मिलिलिटर दोन्ही चालवा. दुप्पट जाडीला वेळ चौपटीच्या दिशेने गेला तर जेलमधलं विसरण वेळ ठरवतंय. फार फरक पडला नाही तर पडदा ठरवतोय.

काइनेटिक्सवर, म्हणजे सुटण्याच्या वेगाच्या समीकरणांवर, थोडक्यात. हिगुची समीकरण १९६१ सालचं, मुळात मलमाच्या थरात न विरघळता विखुरलेल्या औषधासाठी मांडलेलं; इथे औषध विरघळलेलं आहे, म्हणून ते जपून वापरा. कोर्समेयर-पेपास या घातांकाच्या समीकरणात फक्त पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतचे बिंदू घ्या. पुढचे घेतले की घातांक खाली ओढला जातो. आणि थर सपाट असेल तर फिकियन, म्हणजे निव्वळ विसरणाने होणाऱ्या, रिलीजची खूण घातांक ०.५ ही आहे. ०.४५ आणि ०.८९ ही गोळीसारख्या दंडगोल आकाराची मापं आहेत, ती इथे उचलून लावू नका. आर-स्क्वेअर ०.९९ आला एवढ्यावर यंत्रणा सिद्ध होत नाही. वर सांगितलेला झिजेचा आलेख त्याहून मोठा पुरावा.

औषध खरंच जास्त वेळ मिळावं असं वाटत असेल, तर जाळी घट्ट करण्यात वेळ घालवू नका. पॉलिमर वाढवला की पापणी जड होते, नजर धूसर होते, आणि माणूस डोळे मिचकावून ते बाहेर काढतो. मिचकावताना द्रवावर पडणारा ताण प्रचंड असतो, म्हणून जेल ताणाखाली पातळ व्हायला आणि नंतर परत धरायला हवं. उसाच्या काकवीसारखं सगळ्या वेगांना सारखंच चिकट राहणारं द्रव डोळ्याला सहन होत नाही. औषध सावकाश सुटण्याची जागा जेलच्या धाग्यांत नसते, ती औषधाच्या रूपात शोधावी लागते: कमी विरघळणारे कण, नॅनोकण, किंवा पॉलिमरशी मिठातही टिकणारी पकड.

इथे नाटामायसिन आठवतं, आणि या भागात ते आठवलंच पाहिजे. ऊसतोडणीच्या दिवसांत पाचटाचं पातं डोळ्याला लागतं आणि त्यातून बुबुळाला (कॉर्नियाला) बुरशीचा व्रण होतो. त्यावर ५ टक्के नाटामायसिनचा गढूळ थेंब, सुरुवातीचे काही दिवस दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा. फडात राहणाऱ्या माणसाला हे जमवणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. नाटामायसिन पाण्यात फारच कमी विरघळतं. त्याचे कण जेलमध्ये अडकले, तर ते कण जेलबरोबर डोळ्यात राहतात आणि सावकाश विरघळत राहतात. कणांच्या आकारामुळे जाळी त्यांना खरंच अडवू शकते, जे मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत होत नाही. पुढचं काम निवडायचं असेल तर मी हे सुचवेन. मात्र रिलीजची मांडणी पूर्ण बदलावी लागेल. ५ टक्क्यांच्या १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध, आणि ५० मिलिलिटर अश्रू द्रवात त्यातलं थोडंसंच विरघळणार. पुढे आलेख सपाट झाला तर तो संपृक्ततेने, रिलीज संपल्याने नव्हे. नमुना लहान घ्या, फार तर ५० मायक्रोलिटर, आणि आधी त्या द्रवातली विद्राव्यता मोजून, सगळं औषध विरघळायला लागेल त्याच्या किमान तिप्पट द्रव ठेवा. नाटामायसिन उजेडात खराब होतं, त्यामुळे फॉइल लागेलच. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनलाही लावा.

निर्जंतुकतेची एक फसवी जागा. जेलन ऑटोक्लेव्हला बऱ्यापैकी टिकतं, अल्जिनेटची चिकटाई त्यात लक्षणीय उतरते, पोलोक्सामर थंड असताना ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाऊ शकतो. पण तपासणीत नमुना थेट जंतू वाढवायच्या माध्यमात टाकलात, तर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन स्वतःच जंतू मारतं आणि १४ दिवस माध्यम नितळ राहतं. तो निकाल खोटा 'पास' आहे. पातळ करून पडद्यातून गाळा, औषध धुऊन काढा, मगच तो पडदा माध्यमात ठेवा. सोबत मुद्दाम थोडे जंतू घातलेली बाटली ठेवा. ती गढूळ झाली तरच बाकीच्या नितळ बाटल्यांना अर्थ.

शेवटी, औषध बुबुळातून किती पार जातं हे पाहायला लागणारे बकऱ्याचे डोळे. कोल्हापुरात मटणाच्या दुकानात ते मिळायला अडचण नाही, पण दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून द्या. भाजलेल्या मुंडीचं बुबुळ वरून ठीक दिसलं तरी त्याचा वरचा थर गेलेला असतो, आणि औषध भसाभसा आरपार जातं. थंड सलाइनमध्ये आणा, बर्फ डोळ्याला थेट लागू देऊ नका, आणि तास-दीड तासात बुबुळ भोवतालच्या २ ते ४ मिलिमीटर पांढऱ्या भागासह कापून सेलवर बसवा. बाहेरची बाजू औषधाकडे, आतली खालच्या द्रवाकडे. चिमट्याने धरायचं ते पांढऱ्या कडेलाच. प्रयोग संपल्यावर बुबुळ टिपून तोला, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. पाण्याचं प्रमाण ७५ ते ८० टक्के आलं तर बुबुळ शेवटपर्यंत शाबूत होतं. ८३ च्या वर गेलं तर त्या सेलचा आकडा सरासरीत धरू नका, नव्या डोळ्यावर परत घ्या.